पावसाळा, खाज आणि सगळ्याला एकच ट्यूब: गजकर्ण बरं का होत नाहीये?

सूक्ष्मदर्शी

मी एका जिल्ह्याच्या गावी मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये काम करते. जून सरला की आमच्याकडे त्वचेच्या खरवडीचे नमुने वाढायला लागतात ते थेट दिवाळीपर्यंत. जांघ, काख, कंबर, स्तनांखालची जागा, कुल्ले. बायकांच्या बाबतीत परकराची नाडी जिथे बसते तो पट्टा, पुरुषांच्या बाबतीत चड्डीचं इलॅस्टिक रुततं ती जागा. 'काय लावत होतात?' असं विचारलं की पर्समधून किंवा खिशातून पिळून चपटी झालेली ट्यूब निघते. ती हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचलं की बहुतेक वेळा त्यात स्टेरॉइड असतं. ट्यूब कोणाची? शेजारणीने सांगितली, भावाला गुण आला होता, दुकानदाराने दिली.

म्हणून हा धागा काढतेय. इथे डॉक्टर आहेत, औषधांच्या व्यवसायातले लोक आहेत, त्यांनी भर घालावी.

आधी गजकर्ण किंवा नायटा म्हणजे काय ते. ही बुरशी. त्वचेच्या सर्वांत वरच्या मेलेल्या थरात, केसांत आणि नखांत केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर जगणाऱ्या बुरश्यांना डर्मॅटोफाइट म्हणतात. त्यातली ट्रायकोफायटॉन ही आपल्याकडची मुख्य. ती आत रक्तात वगैरे जात नाही, वरच्या थरातच बाहेर बाहेर पसरत जाते. म्हणून चट्टा गोल दिसतो, कड लाल, उठलेली, खवलेदार आणि मधला भाग निवळलेला. जिवंत, वाढती बुरशी त्या कडेला असते.

आम्हीही नमुना कडेचाच घेतो. जागा स्पिरिटने पुसायची, स्काल्पेलच्या पात्याने हलकेच खरवडायचं, पांढरा भुसा काचपट्टीवर पाडायचा. त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब, वर कव्हरस्लिप. थोडा वेळ थांबलं की त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात, बुरशी मात्र विरघळत नाही. मग आधी १० च्या लेन्सखाली आणि नंतर ४० च्या लेन्सखाली पाहायचं. पेशींच्या फिकट जाळीतून, त्यांच्या सीमा न जुमानता आरपार गेलेले चकाकते, फांद्या फुटलेले, मध्ये पडदे असलेले तंतू दिसतात. एकदा नजर बसली की चुकत नाही. तासाभरात अहवाल हातात मिळतो आणि खर्चही फार नसतो.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. ज्यांनी काहीच लावलेलं नसतं त्यांच्या पट्टीवर तंतू शोधावे लागतात. इथे एक, तिथे दोन. जे स्टेरॉइडवाली ट्यूब लावून आलेले असतात त्यांच्या पट्टीवर अख्खं दृष्टिक्षेत्र तंतूंनी भरलेलं असतं. वरून मात्र चट्टा तितकासा लाल नसतो, कड पुसट झालेली असते, खाजही कमी असते. पेशंट म्हणतो, 'ताई, आता बरंच कमी आहे.' कमी झालेली असते ती शरीराची प्रतिक्रिया. लाली, सूज, खाज हे सगळं आपलं शरीर बुरशीशी लढतंय म्हणून होतं. स्टेरॉइड ती लढाईच बंद करतं. मग बुरशीला रान मोकळं.

दुसरं असं की खाज आली म्हणजे गजकर्णच असं नाही. याच दिवसांत चिखल्या असतात, शिबं असतात, खरूज असते, केसतोड असतात. चिखल्यांत बुरशी आणि जिवाणू दोन्ही असू शकतात. शिबं मॅलासेझिया नावाच्या वेगळ्याच बुरशीमुळे होतात आणि ती आपल्या सगळ्यांच्या अंगावर एरवीही असते. खरूज हा किडा आहे, डोळ्याला जेमतेम दिसेल न दिसेल एवढा, अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान. केसतोड जिवाणूंमुळे होतो, स्टॅफिलोकॉकस ऑरियस. बुरशी, किडा, जिवाणू यांना मारणारी औषधं पूर्ण वेगळी. एकाच ट्यूबमध्ये तीनचार औषधं कोंबून 'सगळ्याला चालतं' म्हणून जे विकलं जातं, त्यात खरा झटपट गुण दाखवणारा घटक असतो स्टेरॉइड.

तुमचे अनुभव लिहा. काय लावलं, किती काळ, आणि पुढे काय झालं.

रंकाळ्याकाठची

अगदी वेळेवर धागा काढलात ताई. आमच्या ह्यांना गेल्या पावसाळ्यापासून जांघेत आणि कंबरेला आहे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांत गेलं, परत आलं. परत त्याच गोळ्या, परत आलं. आता सासूबाईंच्या पोटावर पण दिसायला लागलंय. त्या म्हणतात वांगं, शेंगदाणे, आंबट सगळं बंद करा, उष्णतेनं होतंय. घरात आमटीत चिंच घालायची बंद झालीय. पथ्यानं खरंच काही होतं का? आणि गोळ्यांनी का जात नाहीये?

त्वचेचा_डॉक्टर

सूक्ष्मदर्शी, उत्तम लिहिलंय. भरलेल्या पट्टीचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, आमच्या ओपीडीत रोज हेच दिसतं.

रंकाळ्याकाठची, चिंच घाला आमटीत. वांग्याचा, शेंगदाण्यांचा, आंबटाचा गजकर्णाशी संबंध नाही. ही बुरशी तुमच्या त्वचेतल्या केराटिनवर जगते, ताटातल्या जेवणावर नाही. साखरेचं मात्र बघा. ह्यांची रक्तातली साखर तपासली नसेल तर तपासून घ्या, कारण मधुमेह आटोक्यात नसेल तर गजकर्ण चिवट होतं.

गोळ्यांनी का जात नाही याला जरा सविस्तर उत्तर देतो, कारण आपल्या देशात गेल्या दहाएक वर्षांत हा आजार खरोखर बदललाय.

मी शिकत होतो तेव्हा आपल्याकडे मुख्य बुरशी होती ट्रायकोफायटॉन रुब्रम. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, दोन आठवडे, सोबत मलम, आणि बहुतेक पेशंट बरे. नंतर दुसऱ्याच एका जातीने रुब्रमची जागा घेतली. आधी तिला ट्रायकोफायटॉन मेंटॅग्रोफाइट्सचाच एक प्रकार समजत. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी तिथे राहणाऱ्या एका भारतीय आणि एका नेपाळी पेशंटच्या नमुन्यांवरून तिला स्वतंत्र जात ठरवलं आणि नाव दिलं ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. ती माणसाकडून माणसाला सहज लागते, मोठमोठे चट्टे करते, चेहऱ्यावरही येते आणि टर्बिनाफिनला बऱ्याचदा जुमानत नाही.

जुमानत नाही म्हणजे काय? बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एर्गोस्टेरॉल लागतं. ते बनवण्याच्या साखळीत स्क्वालिन इपॉक्सिडेज नावाचं एन्झाइम आहे आणि टर्बिनाफिन नेमकं त्यावर जाऊन बसतं. या बुरशीत त्या एन्झाइमच्या जनुकात बदल झालाय, त्यामुळे औषधाला बसायला जागाच उरत नाही. अशा वेळी तीच गोळी पुन्हा पुन्हा घेऊन उपयोग होत नाही. इट्राकोनॅझोल त्याच साखळीतल्या वेगळ्या पायरीवर काम करतं, म्हणून ते अजून बऱ्याच जणांना लागू पडतं. पण उपचार आता दोन आठवड्यांचा राहिलेला नाही. सहा ते आठ आठवडे, कधी त्याहूनही जास्त. बहुतेक जण इथेच कमी पडतात. खाज दहाएक दिवसांत थांबते, पेशंट गोळ्या थांबवतो, आणि कडेला उरलेली बुरशी महिन्याभरात पुन्हा पसरते. शिवाय घरात दुसऱ्याला असेल तर एकट्यावर उपचार करून फायदा नाही. सासूबाईंनाही त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.

एक विनंती, इथे औषधाचं नाव वाचून कोणी दुकानात जाऊ नका. इट्राकोनॅझोल हृदय कमजोर असलेल्यांना देत नाहीत, गरोदरपणात टाळतात, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांबरोबर, विशेषतः सिमव्हास्टॅटिनबरोबर चालत नाही. यकृताची तपासणीही लागू शकते.

स्टेरॉइडमुळे बुरशीत हा जनुकीय बदल झाला असं मी म्हणणार नाही. पण स्टेरॉइड लावलेला माणूस महिनोन्महिने बुरशी अंगावर बाळगतो, तिचे बीजाणू घरभर, टॉवेलभर पसरवतो. साथ एवढी फोफावायला त्याचा मोठा हातभार लागला, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

लाल_रेघ

मी औषधविक्रेता आहे, वडिलांपासूनचं दुकान. काउंटरच्या या बाजूचंही थोडं लिहितो.

रोज संध्याकाळी लोक येतात, आवाज बारीक करून विचारतात, 'इथं खाज येतेय, काहीतरी द्या.' जागा अशी की डॉक्टरला दाखवायची लाज वाटते, त्यात तपासणी फी, अर्धा दिवसाची मजुरी. मागच्या वेळची रिकामी ट्यूब दाखवून 'हीच द्या' म्हणणारे तर असंख्य. मी चिठ्ठी मागतो, ते समोरच्या दुकानात जातात. हे खरं आहे आणि मला त्याचा त्रास होतो.

कायदा काय म्हणतो ते सांगतो. पूर्वी बरीच स्टेरॉइड मलमं पळवाटेमुळे चिठ्ठीविना विकता यायची. २०१८ च्या मार्चमध्ये केंद्र सरकारने अशी चौदा स्टेरॉइड शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विक्री नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ३२८ मिश्र औषधांवर बंदी आली, त्यात क्लोबेटासॉलबरोबर अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र केलेली त्वचेची मलमंही होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने यासाठी खास कृतिगट नेमून पाठपुरावा केला होता. तरीही एक मिश्रण गेलं की घटक थोडे बदलून दुसरं येतं.

वाचणाऱ्यांसाठी सोपं सांगतो. ट्यूब उलटी करा आणि घटक वाचा. बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, असं शेवटी 'सोन' असेल, किंवा क्लोबेटासॉल, हॅलोबेटासॉल असेल तर ते स्टेरॉइड. वेष्टनावर उभी लाल रेघ असेल तर ते चिठ्ठीचं औषध, दुकानदाराने तसंच दिलं तरी घेऊ नका. नुसतं क्लोट्रिमॅझोल किंवा ल्युलिकोनॅझोल लिहिलं असेल तर ते फक्त बुरशीचं.

त्वचेचा_डॉक्टर

लाल_रेघ, तुमच्यासारखे दुकानदार गावोगाव हवेत.

एक पुरवणी. स्टेरॉइड मलम हे काही विष नव्हे. इसबाला, सोरायसिसला आम्हीच ते लिहून देतो, मोजून, ठरावीक दिवसांसाठी. बुरशीवर ते लावणं चूक. जांघेतली त्वचा मुळात पातळ, त्यात घडीमुळे झाकलेली, त्यामुळे तिथे औषध कितीतरी जास्त मुरतं. काही आठवड्यांत त्वचा आणखी पातळ होते आणि गरोदरपणात पोटावर पडतात तशा रुंद भेगा पडतात. त्या आयुष्यभर जात नाहीत. वीस-बावीस वर्षांची मुलं मांड्यांवरच्या या भेगा दाखवत विचारतात, 'डॉक्टर, हे जाईल ना?' त्यांना नाही म्हणताना फार वाईट वाटतं.

हडसनपार

न्यू जर्सीहून लिहितेय. भारतातून सुट्टी संपवून परतलो आणि महिन्याभरात मुलाच्या मानेवर आणि नवऱ्याच्या कंबरेला चट्टे. इथल्या डॉक्टरांनी टर्बिनाफिन दिलं, फरक शून्य. दुसऱ्या डॉक्टरांना मी आपणहून सांगितलं की भारतात हल्ली टर्बिनाफिनला न जुमानणारी बुरशी आहे. त्यांनी कल्चर, म्हणजे नमुन्यातली बुरशी लॅबमध्ये वाढवून बघायची तपासणी, पाठवलं, मग औषध बदललं, आता उतार आहे. अमेरिकेत २०२३ मध्ये न्यूयॉर्क शहरात या इंडोटिनीचे पहिले दोन पेशंट नोंदले गेले. एकीला बांगलादेशात असतानाच झालं होतं आणि दुसरी कुठे परदेशी गेलेलीच नव्हती. म्हणजे तोवर ती इथे पसरायला लागली होती. परदेशात राहणाऱ्यांनी डॉक्टरांना प्रवासाबद्दल जरूर सांगावं, इथे अनेकांना या बुरशीची अजून कल्पना नसते.

लावणीचा_गडी

राजापूर तालुका. आमचा प्रश्न वेगळा. लावणीत दिवसभर पाय चिखलात, रात्री बोटांच्या बेचक्यात चरचर. पांढरं, फुगलेलं कातडं, ओढलं की खालून लाल. घरोघरी मेंदी लावतात, कोणी खोबरेल आणि हळद. मागच्या वर्षी आमच्या चुलत्यांचा पाय अशा चिखल्यांवरूनच सुजला, लाल झाला, थंडी वाजून ताप. म्हातारी माणसं म्हणाली धावरं झालंय. अ‍ॅडमिट करावं लागलं. चिखल्यांनी एवढं होतं?

त्वचेचा_डॉक्टर

होतं, आणि म्हातारी माणसं बरोबर बोलली. बेचक्यात भेग पडली की तिथून स्ट्रेप्टोकॉकस जिवाणू आत शिरतो आणि त्वचेखाली झपाट्याने पसरतो. लाल, गरम, दुखरा भाग तासातासाला पुढे सरकतो, जांघेत गाठ येते, हुडहुडी भरते. हेच धावरं. इथे मलमाचं काम नाही, पेनिसिलिनच्या जातीचं अँटिबायोटिक पोटातून किंवा शिरेतून द्यावं लागतं, तेही लगेच. पेनने लालीची सीमा आखून ठेवा, लाली ओलांडून पुढे गेली तर थांबू नका. मधुमेही माणसाने तर पाय सुजायला लागला की त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

साध्या चिखल्यांसाठी रात्री पाय धुऊन प्रत्येक बेचकं कोरड्या सुती फडक्याने टिपायचं, मग क्लोट्रिमॅझोल. गमबूट घालत असाल तर आतून रोज वाळवा, ओला गमबूट घालणं अनवाणी राहण्यापेक्षा वाईट. मेंदीने त्वचा थोडी कोरडी पडते म्हणून बरं वाटतं, ती लावायला माझी हरकत नाही. फक्त भेग पडलेल्या जागी काही चोळू नका. आणि बाजारातली काळी मेंदी नको, त्यातल्या रसायनाने भाजल्यासारखी जखम होते.

वसतिगृह_क्र_दोन

आश्रमशाळेत अधीक्षिका आहे. आमच्याकडे खरजेचा उपद्रव. पोरी रात्रभर खाजवतात, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, बेंबीभोवती पुरळ. दरवर्षी लोशन वाटतो आणि दरवर्षी परत येते. कुठे चुकतंय?

सूक्ष्मदर्शी

अधीक्षिकाबाई, रात्री वाढणारी खाज आणि बेचक्यातलं पुरळ, हे खरजेचंच लक्षण. मादी किडा कातडीत बारीक बोगदा करून अंडी घालते. आम्ही त्या बोगद्यावर तेलाचा थेंब टाकून खरवडतो, नशीब असेल तर पट्टीवर आठ पायांचा किडा हलताना दिसतो, नाहीतर अंडी आणि विष्ठेचे तपकिरी ठिपके.

परत येण्याचं कारण बहुतेक असं की ज्यांना खाज आहे त्यांनाच औषध दिलं जातं. पहिल्यांदा खरूज झाली की खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणजे खाज नसलेल्या पोरीच्या अंगावरही किडा असतो आणि शेजारी झोपणारीला तो लागतो. सगळ्यांना, तुम्हाला आणि स्वयंपाकाच्या मावशींनासुद्धा, एकाच रात्री. बाकी डॉक्टर सांगतील.

त्वचेचा_डॉक्टर

पर्मेथ्रिन ५ टक्के मलम, मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत सगळीकडे. फक्त पुरळावर नाही. बेचकी, नखांखाली, बेंबी, काखा, गुप्तांग, सगळं. रात्री लावायचं, आठ ते बारा तास ठेवायचं, मध्ये हात धुतले तर हातांना परत लावायचं, सकाळी आंघोळ. आठवड्याने पुन्हा एकदा. मोठ्या संख्येने असेल तर आरोग्य केंद्राशी बोला, वजनानुसार आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या देता येतात आणि वसतिगृहात ते सोपं पडतं. त्याच सकाळी अंगावरचे कपडे, चादरी गरम पाण्यात. गोधड्या धुता येत नसतील तर प्लॅस्टिकच्या पोत्यात घट्ट बांधून आठवडाभर ठेवा, माणसाच्या अंगाबाहेर किडा दोनतीन दिवसांपेक्षा जास्त जगत नाही.

आणि किडे मेल्यावरही खाज दोनतीन आठवडे राहते. औषध लागलं नाही असं समजून रोज रोज लावू नका, त्वचा जळते.

पैठणचा_बाळू

धाग्यात घुसतोय, पण तातडीचं आहे. आईला कालपासून डाव्या बाजूला बरगडीखाली पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आलेत, त्याआधी दोन दिवस तिथे नुसतं दुखत होतं, आम्हाला वाटलं गॅस झालाय. आत्या म्हणतात नागीण आहे, तोंड आणि शेपटी जुळायच्या आत उतरवून घ्या. उद्या एक जण गेरू लावून मंत्र टाकायला येणार आहेत. दुकानातून एक मलम पण आणलंय.

त्वचेचा_डॉक्टर

बाळू, आजच डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका. तुमच्या वर्णनावरून नागीणच वाटते. हा कांजिण्यांचाच विषाणू. लहानपणी कांजिण्या बऱ्या होतात पण विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती कमी झाली की त्या एका तंतूच्या पट्ट्यात वर येतो. म्हणून शरीराच्या एकाच बाजूला, पट्ट्यासारखे फोड. तो तंतू मध्यरेषेपाशी संपतो, त्यामुळे तोंड-शेपटी जुळण्याचा प्रश्नच सहसा येत नाही, आणि जुळली की माणूस जातो हेही खरं नाही. आईला आधी धीर द्या.

अ‍ॅसायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिर फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर सगळ्यात जास्त फायदा. फोड लवकर सुकतात, त्रास कमी होतो. नागीण गेल्यावरही महिनोन्महिने टिकणारी आग हा यातला खरा त्रास, आणि म्हाताऱ्या माणसांना तो जास्त होतो. गेरू लावून फोड चिघळवू नका, दुकानातलं मलमही लावू नका. घरात कांजिण्या न झालेली गरोदर बाई किंवा तान्हं बाळ असेल तर फोड सुकेपर्यंत लांब ठेवा. हेच फोड कपाळावर, डोळ्याजवळ, नाकाच्या शेंड्यावर असते तर मी तुम्हाला तडक डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं असतं.

पैठणचा_बाळू

नेलं. गोळ्या सुरू केल्या, दिवसातून पाच वेळा. मूत्रपिंडाची तपासणी करायला सांगितलीय, पाणी भरपूर प्यायला सांगितलंय. आत्यांची समजूत घातली. डॉक्टर, आभारी आहे.

आशेची_वाट

मी गडचिरोली भागात आरोग्य खात्यात काम करते. शिब्यांवरून एक महत्त्वाचं सांगायचंय. छातीवर, पाठीवर, मानेवर फिकट ठिपके, घासलं की भुरभुर कोंडा, ते शिबं. किटोकोनॅझोलचा शाम्पू किंवा मलम लावलं की बुरशी मरते, पण रंग यायला दोनतीन महिने लागतात. तोवर लोक औषध बदलत राहतात.

पण फिकट किंवा लालसर चट्ट्यावर कोंडा नाही, खाज नाही, घाम येत नाही, केस गळालेत आणि मुख्य म्हणजे तिथे कळत नाही, असं असेल तर ते शिबं समजून ट्यूब लावत बसू नका. आम्ही कुष्ठरोगाच्या शोधमोहिमेत पेनाच्या टोकाने हलका स्पर्श करून बघतो. माणसाला डोळे मिटायला सांगायचं, स्पर्श झाला की तिथे बोट ठेवायचं. चट्ट्यावर टोक टेकवलं आणि बोट हललंच नाही, असं झालं की आम्ही ताबडतोब केंद्रावर पाठवतो. कुष्ठरोग हा मायकोबॅक्टेरियम लेप्रे या जिवाणूचा आजार. रिफॅम्पिसिन, डॅप्सोन, क्लोफॅझिमिन या औषधांनी सहा किंवा बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि सरकारी केंद्रात ती औषधं फुकट मिळतात. उशीर झाला तर हातापायांच्या नसा कायमच्या जातात. मागच्याच फेरीत एका बाईच्या दंडावरचा चट्टा पाहिला, तिने गजकर्ण समजून कितीतरी दिवस मलम लावलं होतं. त्या हाताची करंगळी वाकायला लागली होती.

सूक्ष्मदर्शी

आशेची_वाट, हे तुम्ही लिहिलंत हे फार बरं झालं. कोंडा आणि संवेदना, या दोन गोष्टी घरच्या घरीही बघता येतात.

ज्यांना लॅबमध्ये नमुना द्यायचाय त्यांनी येण्याआधी आठवडाभर चट्ट्यावर कोणतंही मलम, पावडर, तेल लावू नका. लावलेलं असेल तर लपवू नका, ट्यूब सोबत आणा. कल्चरला चार आठवडेही लागू शकतात, त्यामुळे दुसऱ्या दिवशी फोन करून रागावू नका. आणि पट्टीवर बुरशी दिसली नाही म्हणजे ती नाहीच, असं धरू नका. चट्टा तसाच राहिला तर पुन्हा नमुना द्या.

कपड्यांबद्दल व्यक्तिगत निरोपातून बऱ्याच जणांनी विचारलं म्हणून लिहिते. पावसाळ्यात घरात दोरीवर तीन दिवस दमट राहिलेली चड्डी घालणं ही बुरशीला मदतच. अंतर्वस्त्रं इस्त्री करून घाला, शिवणी आणि इलॅस्टिकच्या जागी इस्त्री जास्त वेळ फिरवा. पेशंटचे कपडे वेगळे, गरम पाण्यात. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. परकराची नाडी आणि करदोटा यांचा विचार कोणी करत नाही. दोरा ओला राहतो, त्यात खवले अडकतात आणि आंघोळ झाली की तोच दोरा पुन्हा त्याच जागी बसतो. उपचार चालू असेपर्यंत करदोटा काढून ठेवा, देव रागावत नाही.

रंकाळ्याकाठची

कळवायचं राहिलं होतं. सगळ्यांना घेऊन त्वचेच्या डॉक्टरांकडे गेलो. ह्यांची आणि सासूबाईंची दोघांची तपासणी झाली, दोघांच्या पट्टीवर बुरशी. सासूबाईंची साखर पण वाढलेली निघाली, ते कोणालाच माहीत नव्हतं. ह्यांना इट्राकोनॅझोल सुरू केलंय, दोन महिने सांगितलेत. करदोटा काढून ठेवलाय, सासूबाईंनीच काढायला लावला. एक शंका, ह्यांना पित्ताचा त्रास आहे, रोज सकाळी उपाशीपोटी पित्ताची गोळी घेतात. इट्राकोनॅझोलची कॅप्सूल पण त्याच्याच बरोबर उपाशीपोटी घेतली तर चालेल का?

त्वचेचा_डॉक्टर

नाही. हे विचारलंत ते फार बरं केलंत. इट्राकोनॅझोलची साधी कॅप्सूल विरघळायला पोटात आम्ल लागतं आणि भरल्या पोटी ती जास्त शोषली जाते. म्हणून जेवण झाल्या झाल्या घ्यायची. पित्ताच्या गोळीने आम्लच कमी होतं, मग औषध रक्तात पुरेसं पोचत नाही आणि दोन महिन्यांनी पुन्हा 'गोळ्यांनी गुण नाही' असं होतं. पॅन्टोप्राझोलसारखी गोळी रोज चालू असेल तर तुमच्या डॉक्टरांना आजच फोन करून सांगा. ती काही काळ थांबवता येते का ते बघतील, नाहीतर वेगळ्या प्रकारचं इट्राकोनॅझोल देतील. पातळ अँटासिड अधूनमधून लागलं तर कॅप्सूलनंतर दोन तास सोडून घ्या. सासूबाईंना कोणतं औषध दिलंय? साखरेच्या गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील तर दोन्ही चिठ्ठ्या एकत्र दाखवून घ्या.